उर्फ जगदीश

“हा जगदीश कोन हाय?” धुरपताबाईनं आतून विचारलं, आणि ओसरीवर चाललेली परदेशवारीची तालीम तिथंच थांबली.

तालीम घेत होती अंजनाबाई, झाडूची बायको. विमानतळावरच्या साहेबाचं काम तिनं आपणहून मागून घेतलं होतं आणि पाटावर मान ताठ करून ती असं काही बसली होती, की खरा साहेब आला असता तर त्यानं तिला आधी सलाम ठोकला असता. समोर झाडू उकिडवा बसलेला. विचारायचं होतं एवढंच: नाव काय, कोणाकडे आलात, किती दिवस राहणार. निशाकडे, म्हणजे लेकीकडे आलो, हे झाडू झोकात सांगायचा. परत कधी जाणार, याला तर “धान कापाले यावंच लागते नं साहेब” असं पदरचंही जोडायचा. घोडं अडायचं पहिल्याच सवालावर. नाव काय म्हटलं की तोंडातून ‘झाडू’ निघे. अंजनाबाई डोळे वटारी, धाकटा भाऊ सुनिल बाजूनं हळूच “जगदीश, दादा, जगदीश” म्हणे, आणि झाडू पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. पन्नाशी उलटलेल्या जिभेला नवं वळण लावणं म्हणजे म्हाताऱ्या बैलाला नव्या वाटेनं नेणं. तो ऐकतो सगळं, पण वळतो जुन्याच धुऱ्याच्या बांधाला.

आणि आता म्हातारीनं, झाडूच्या आईनं, आतून तो प्रश्न टाकला होता. सुनिलनं वहिनीकडे पाहिलं, वहिनीनं नवऱ्याकडे. झाडूनं अंगणातल्या कोंबड्यांकडे पाहिलं, कारण त्याच्या वाट्याला दुसरं कोणी उरलं नव्हतं.

सुनिल आदल्या दिवशीच चंद्रपूरहून आला होता. नव्याच्या सणाला तो कधी चुकत नसे. हलक्या, लवकर येणाऱ्या धानाच्या पहिल्या लोंब्या घरात यायच्या, धुरपताबाईनं त्यांचे पोहे कांडायचे, देवाला आणि मेल्या माणसांना द्रोणातून दाखवायचे आणि मग घरादारानं तोंड गोड करायचं, हा कोसमटोला गावाचा रिवाज. तोवर नव्या दाण्याला कोणी दातही लावायचा नाही. चंद्रपुरात कारकुनी करून केस पिकले तरी सुनिलला त्या पोह्यांची चव दुसरीकडे कुठं सापडली नव्हती. यंदा मात्र पिशवीत मिठाईच्या डब्याखाली तो कागदांची फाइल घेऊन आला होता.

निशा सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडात शिकत होती, जंगलाच्या हक्कांवर. डिसेंबरात तिचा पदवीदान समारंभ होता आणि तिनं वर्षभर एकच धोशा लावला होता, की बाबांनी यायचंच. आईनं आधीच हात वर केले होते. मला विमानात बसायचं नाही, गाईची धार कोण काढील आणि सासूला कोण पाहील, असं अंजनाबाईनं सांगून टाकलं होतं. झाडूनं मात्र एका शब्दानं नाही म्हटलं नव्हतं. धानोऱ्याच्या पलीकडे गडचिरोली, तिथून चंद्रपूर, फार तर एकदा मार्कंड्याची यात्रा, एवढीच त्याची दुनिया. पण लेकीला पदवीदानाच्या काळ्या झग्यात पाहायचं म्हणून तो रात्रीतून पायी निघाला असता.

अडलं ते नावाशी. चंद्रपुरात फॉर्म भरून देणाऱ्या विनोदनं सुनिलला स्पष्टच सांगितलं होतं. पूर्वी चालायचं ते आता चालत नाही, म्हणे. तिकडचे नियम बदलले, इकडचे बदलले, व्हिसाचं स्टिकरसुद्धा जाऊन सगळं ऑनलाइन होऊ लागलं. आता संगणक नाव जुळवतो, आणि त्याला दयामाया नसते. बापाच्या आधार कार्डात जे नाव, तेच त्याच्या पासपोर्टात आणि तेच पोरीच्या पासपोर्टात बापाच्या रकान्यात हवं. पोरीच्या पासपोर्टात लिहिलं होतं, जगदीश सुकलू हिचामी. आधारात होतं, झाडू सुकलू हिचामी. आजवर ‘झाडू उर्फ जगदीश’ असं एक प्रतिज्ञापत्र जोडून निभावलं होतं. विनोद म्हणाला, त्या उर्फवर आता विसंबू नका, ऐनवेळी अर्ज फिरला तर माझ्याकडे येऊ नका. सोपा उपाय एकच. बापानं रीतसर जगदीश होऊन जावं, राजपत्रात छापून आणावं. डिसेंबरपर्यंत होऊन जाईल.

सकाळी हे ऐकलं तेव्हा झाडू मानेनं हो म्हणाला होता. उर्फचा तो कागद त्यालाही अंधुक आठवत होता. सुनिलनं बोट ठेवलं तिथं त्यानं सही केली होती. भावानं आणलेला कागद वाचून सही करायची असते, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

धुरपताबाई भिंत धरत ओसरीवर आली. तिच्या एका हातात मुसळ होतं.

“इचारलं मी कायतरी.”

सुनिलनं तिला बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं. पासपोर्ट काय, व्हिसा काय, संगणक कसा जुळवतो. माणूस समजावणीत जितकी लांबण लावतो तितकी त्याची बाजू लंगडी असते. म्हातारीनं सारं ऐकून घेतलं. पण पहिला घाव तिनं घातला नाही, तो आला भलतीकडूनच.

“पन पोरीच्या कागदावर जगदीश आला कुठून?” अंजनाबाई म्हणाली. सकाळपासून ती दिराच्या बाजूनं होती. आता पाट सोडून ती उभी राहिली. “मले वाट्टे तुमी दोघं भाऊ मिळून ठरवलं असन. ह्यायले इचारलं तं ह्यायलेबी मालूम नाई.”

सुनिलनं फाइल बंद केली. मग पुन्हा उघडली. त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं.

“पाचवीत टाकाले नेलं तवा,” तो म्हणाला. “चंद्रपूरले. खिडकीवरच्या बाबूनं बापाचं नाव इचारलं. मी सांगतलं. तो हासला. मांगच्या टेबलावाल्याले म्हने, आयकलं का, झाडू आला, आता आपलं हापिस साफ होते. सारे हासले. निशा माह्या बोटाले धरून उभी होती.” तो फाइलीकडे पाहूनच बोलत होता. “मंग म्या म्हनलं, ते घरचं नाव हाय साहेब. कागदावरचं जगदीश हाय. निघालं तोंडातून. दादाले सांगीन सांगीन म्हनता म्हनता राहून गेलं. मंग सांगाची हिंमत नाई झाली.”

अंजनाबाईचे ओठ आवळले गेले. आपल्या माणसाचं नाव कोणीतरी परस्पर पुसून टाकलं होतं, आणि ते पुसणारा तिच्याच हातचं जेवून गेली कित्येक वर्षं तिच्या ओसरीवर झोपत होता, हे तिला जड जात होतं. ती दिराला काहीतरी लागेल असं बोलणार, एवढ्यात झाडूनं विचारलं.

“ते सारे हासले तवा निशानं काय केलं?”

“मान खाली घातली.”

“रडली?”

“नाई. फक्त मान खाली घातली.”

झाडूच्या डोळ्यांपुढं ती खिडकी उभी राहिली. आपली एवढीशी पोर, वेणीला लाल रिबन, परक्या शहरात परक्या माणसांत उभी, आणि सगळे हसतायत ते आपल्या नावाला. त्याच्या छातीत कळ आली. स्वतःच्या नावासाठी ती कळ नव्हती, त्या खाली गेलेल्या मानेसाठी होती.

“मंग बराबर केलंस तू,” तो म्हणाला.

सुनिलची रागाची तयारी होती, या वाक्याची नव्हती. तो उठून उगाच पाणी प्यायला गेला.

“त्यानं बराबर केलं असन,” धुरपताबाई म्हणाली, “पन नाव बदलाचं नाई.” आणि तिनं मुसळ भिंतीला टेकवून ठेवलं.

त्याचा अर्थ घरातल्या प्रत्येकाला कळला. पोहे कांडले जाणार नव्हते. म्हणजे नवं होणार नव्हतं, आणि नवं झालं नाही तर शेतातलं उभं धानही परकंच.

झाडूच्या नावाची गोष्ट कोसमटोल्यात सगळ्यांना पाठ होती. धुरपताबाईची त्याच्या आधीची दोन लेकरं पाळण्याला सरावायच्या आत गेली. तिसरा हा. तेव्हा जाणत्या बायांनी सांगितलं ते तिनं केलं. ओल्या बाळंतिणीनं उठून आपल्या हातानं बाळ उकिरड्यावर नेऊन ठेवलं आणि पाठ फिरवून आली. शेजारची सोनीबाई ठरल्याप्रमाणे झाडू घेऊन आली. तिनं बाळाच्या अंगावरून केर लोटला आणि मरणाला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाली, की हा तर कचरा आहे, कोणाचाच नाही, मीच नेते. सूपभर कोदोचे दाणे मोजून धुरपताबाईनं तो कचरा तिच्याकडून विकत घेतला आणि नाव ठेवलं झाडू. मरण पुन्हा त्या घरी आलं असेल तर त्याला तिथं कोणाचं लाडकं लेकरू दिसलं नाही, केरसुणी दिसली. पोर जगलं. म्हणूनच दरवर्षी नव्याचा पहिला घास झाडू आजही सोनीबाईला नेऊन देई, आईला दुसरा.

“माय, आता कोन पाह्यते ते सारं,” सुनिल दारातून म्हणाला. “तवाची गोष्ट तवा.”

म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलं. तिला राग आला नव्हता.

“तुह्या टाइमाले मले कोनी म्हनलं नाई, का याले उकिरड्यावर ठेव. गुर्जीनं चांगलं पाहून नाव देल्लं. सुनिल. काऊन देऊ शकले? आधीचा जगला होता म्हनून. तो झाडू झाला, तवा तू सुनिल झालास बाबू.”

सुनिल दारातच खाली बसला. आयुष्यभर त्यानं दादाच्या नावाची लाज वाटून घेतली होती, कधी लोकांपुढं, कधी स्वतःपुढं, आणि स्वतःच्या नावाकडे असं वळून त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. अंजनाबाईचा त्याच्यावरचा राग तिथंच विरला. तिनं त्याच्यापुढं चहाचा कप सरकवला आणि पदरानं आपलं नाक पुसलं.

झाडू आईजवळ सरकला. त्याला मनातून हसूही येत होतं आणि भरूनही येत होतं. त्यानं तिला समजावलं, की गावात मी झाडूच राहीन, तू हाक मारशील तीच हाक. नाव बदलेल ते कागदावर. निशा वाट पाहतेय, तिच्या वर्गातल्या पोरांचे आईबाप येतील, तिचं कोणी नसेल. म्हातारीला नातीची माया काही कमी नव्हती. तिनं पुष्कळ वेळ बोटांनी लुगड्याची कड चाचपली. मग म्हणाली, नाव तिनं एकटीनं ठेवलेलं नाही. सोनीबाईला विचारावं लागेल.

मग वरातच निघाली. पुढं धुरपताबाई झाडूच्या दंडाला धरून, मागं सुनिल, त्याच्या मागं अंजनाबाई. सोनीबाई आपल्या दारात खाटेवर उन्हाला बसली होती. डोळ्यांनी तिला आता फारसं दिसत नसे, पण पावलावरून तिनं झाडूला ओळखलं आणि घास आणला समजून हात पुढं केला. झाडूनं तो रिकामा हात आपल्या हातात घेतला आणि खाटेच्या पायाशी बसला. पिकल्या मिशांचा तो गडी दोन म्हाताऱ्यांच्या मधे बसला, आणि दोघी त्याच्या डोक्यावरून असं बोलू लागल्या की जणू अजून त्याची नाळही पडलेली नाही.

सोनीबाईनं सगळं ऐकलं. इंग्लंड कुठं आलं एवढंच तिनं मधे विचारलं. समुद्रापलीकडे, असं सुनिलनं सांगितलं.

“मंग माह्याकडं कायले आली?” ती धुरपताबाईला म्हणाली. “म्या त्याले तुले इकलं तवाच माहा हक्क सरला. सूपभर कोदो खाल्ले म्या. बदलव नाव. कोन धरून ठेवलं तुले?”

“मले भेव वाट्टे,” धुरपताबाई म्हणाली.

“कायचं?”

“इमानात बसन. समुद्रावरून जाईन. इथं जंगलात वाघ हाय, साप हाय, पन ते त्याले वळखतेत. तिथं कोन वळखते? झाडू म्हनून इतले वर्सं राखला. जगदीशले कोन राखन?”

एवढंच होतं तर. नियम नव्हता, रिवाज नव्हता, एका आईचं भय होतं, आणि ते लपवायला तिनं रिवाजाचा आडोसा घेतला होता. सोनीबाईनं चाचपत हात वर नेला, त्याच्या डोक्यावर ठेवला आणि पांढरे केस बोटांनी चाळले.

“धुरपता, याचे केस पाह्य. पिकले,” ती म्हणाली. “मरन आता नाव पाहून येत नाई, वय पाहून येते. तुले मले सोडून याच्याकडं कायले जाईन? जाऊ दे त्याले पोरीकडं.”

धुरपताबाई हसली की रडली, ते झाडूला नीट कळलं नाही. पण ती कबूल झाली. होऊ दे जगदीश, म्हणाली. अंजनाबाईचा हात धरून ती घराकडे गेली, आणि थोड्याच वेळात घरातून मुसळाचा आवाज येऊ लागला.

म्हणजे सगळं मनासारखं झालं होतं. मग आपल्याला असं ओकंओकं का वाटतंय, हे झाडूला उमजेना. भावाबरोबर तलावाच्या पाळीवर जाताना तो मनातल्या मनात ‘जगदीश’ म्हणून पाहत होता आणि दर वेळी कोणी अनोळखी पाहुणा आल्यासारखं बाजूला सरकत होता. त्याला ते नाव नको होतं. हे त्याला आत्ता कळलं, सगळ्यांनी हो म्हटल्यावर. पण बोलायचा विचार त्यानं केला नाही. लेकीसाठी माणूस गहाण पडतो, नावाचं काय घेऊन बसलात?

गावात मोबाइलला रेंज मिळायची ती त्या पाळीवरच, मोहाच्या झाडाखाली. सुनिलनं निशाला फोन लावून दिला. पडद्यावर तिचा चेहरा आला, मागं पुस्तकं, अंगात जाडजूड स्वेटर.

“झालं व माय,” झाडू हसून म्हणाला. “तुही आजी तयार झाली. आता मी जगदीश होतो. डिसेंबरात येतोच.”

निशा गोंधळली. “तयार झाली म्हंजे? जगदीश तं तुमचं नाव हायच ना, बाबा? कागदावरचं. काका म्हनले होते.”

झाडूनं सुनिलकडे पाहिलं. सुनिल फोनच्या कक्षेबाहेर, पाण्याकडे तोंड करून उभा राहिला होता. मग झाडूनंच सांगितलं. खिडकी, बाबू, हसणं, सगळं. सांगताना भावाला कुठं दोष लागू नये म्हणून तो शब्द उचलून उचलून ठेवत होता.

“मले आठवते,” निशा हळू म्हणाली. “सारे हासले होते. मले वाटलं, माह्या फ्रॉकवर हासले. आजीनं शिवला होता नं, म्हनून मी खाली पाहाले लागली, कुठं उसवला का.” “मी सगळीकडं जगदीशच लिहत आली बाबा. थेसिसच्या पयल्या पानावरबी. मले वाटे ते तुमाले आवडत असन.”

“चांगलं नाव हाय ते.”

“तुमचं नाई ना पन.”

निशानं डोळे पुसले आणि लॅपटॉप पुढं ओढला. ती कामाला लागली की अगदी अंजनाबाई दिसे. ग्रामपंचायतीतल्या तिच्या जन्मनोंदीत बापाचं नाव झाडूच आहे, हे तिला माहीत होतं. शिष्यवृत्तीच्या वेळी तिनं तो दाखला पाहिला होता आणि घरचं नाव लिहिलंय असं समजून सोडून दिला होता. आता त्याच दाखल्यावर स्वतःचा पासपोर्ट दुरुस्त करून घ्यायचा, असं ती म्हणू लागली. तिथल्या वकिलातीत अर्ज देता येतो. आधी शाळेचे कागद सुधारावे लागतील, ते काका करतील. सुनिलनं तिकडूनच, न वळता, हो म्हटलं. पण याला वेळ लागणार होता. झाडूचा व्हिसा त्यानंतर.

“डिसेंबर निघून जाईन व,” झाडू म्हणाला. आता त्याचा जीव खरंच कासावीस झाला. “तुहा काळा झगा? सारे आईबाप येतीन. तू एकटी. नोको बेटा. मी होतो नं जगदीश, मले काई नाई वाटत.”

“झगा भाड्याचा रायते बाबा. तुमी याल तवा पुन्हा आनीन एक दिवसासाठी.” ती हसायचा प्रयत्न करत होती. “उशिरा या. उन्हाळ्यात या. पन तुमीच या. मले माहा बाप पाह्यजे, कोनी जगदीश नाई.”

डिसेंबरचा तो समारंभ, टाळ्या, लेकीचं स्टेजवर जाणं, हे सगळं झाडूच्या हातून निसटलं होतं आणि त्याचं दुःख खरं होतं. इतके महिने त्यानं तेच डोळ्यांपुढं आणून रोजचं नांगरणं-निंदणं केलं होतं. आता ते कधीच दिसणार नव्हतं.

“थांबा, फोन नोका ठेवू,” निशा म्हणाली. “अर्ज उघडला मी. आत्ताच भरून राह्यली. वाचून दाखवते, चुकलं तं सांगा.” बोटांचा टकटक आवाज आला. तिनं स्वतःचं नाव वाचलं, जन्मगाव वाचलं. मग क्षणभर ती थांबली, कारण त्यांच्याकडे लेकरं बापाचं नाव तोंडानं घेत नाहीत. वडीलधाऱ्यांनी घ्यावं, बरोबरीच्यांनी घ्यावं, बांधावरून कोणीही ओरडून घ्यावं, पण पोटच्या पोरीनं नाही. कोसमटोल्यात झाडूला सगळे त्याच नावानं हाका मारत आले होते. फक्त हिच्या तोंडून ते त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं.

“वडिलांचं पूर्ण नाव,” निशानं वाचलं. “झाडू सुकलू हिचामी.”

तिनं ते एकेक अक्षर सांभाळत, स्पष्ट म्हटलं. मग वर पाहून विचारलं, “बराबर हाय नं, बाबा?”

झाडूला पडदा नीट दिसेना. त्यानं फोन दोन्ही हातांनी धरला.

“हाव,” तो म्हणाला. “बराबर हाय. अजून एक डाव वाच.”